गिऱ्हाईक निघून गेल्यावर

“सर, या दोन आराखड्यांपैकी तुमच्या कंपनीत तुम्ही कुठला वापराल?”

रुई-चेनने हा प्रश्न पाहुणे म्हणून शाळेत आलेल्या आपल्या सख्ख्या बाबांना विचारला, तोही सर म्हणून, तोही भरल्या वर्गात. आणि विचारताना तिचे कान कौतुक ऐकायला आधीच टवकारून बसले होते. प्रश्न तसा तिचा नव्हताच. मेइ-छी आणि मागच्या बाकावरच्या टोळक्याने पैज लावली होती, की छाती असेल तर बापाला सर म्हणून हाक मार आणि हेच विचार, नाहीतर आठवडाभर आम्हा सगळ्यांचा दुधाचा चहा तुझ्याकडून. गेल्या वर्षीची रुई-चेन असती तर निमूट चहा पाजून मोकळी झाली असती. गेल्या वर्षीची रुई-चेन हात वर करण्याआधी आपल्याच बाहीशी सल्लामसलत करायची. पण यंदा ती शाळेच्या संगणक क्लबची शिकवणी-प्रमुख होती. नव्या पोरांना फळ्यासमोर उभं राहून शिकवता शिकवता तिला शोध लागला होता, की आपला आवाज मोठा आहे आणि तो लोकांना आवडतो. त्या दिवसापासून तिने तो बंद केला नव्हता. शिवाय या पैजेत हरायचं कसं हेच तिला कळत नव्हतं. फळ्यावर दोन मोठे कागद टाचलेले होते, संगणक शिकवणाऱ्या तेंग बाईंनी दोन्हींवरची नावं मुद्दाम झाकली होती, आणि त्यातला पहिला तिचा होता. फायलींचे सर्व्हर बनवण्यात ज्या माणसाचे केस पिकले, त्याच्या मांडीवर बसून शिकलेल्या मुलीचा. दुसरा छिउ सू-निंगचा होता. सू-निंग तळहाताएवढ्या जागेत लिहायची आणि विचारल्याशिवाय बोलायची नाही.

बाबा कागदांपुढे हात मागे बांधून उभे राहिले. गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र काढायचं ते विसरले होते. बाहेर शिंचू गावाचा बारमाही वारा खिडक्यांच्या चौकटी खडखडवत होता, त्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं, या गावात ते जात नाही. मग ते म्हणाले, “दुसरा.”

“का, सर?” हे पैजेत नव्हतं. ते आपसूक निसटलं.

“पहिला देखणा आहे,” बाबा म्हणाले. “कुठलीही फाईल एका फटक्यात सापडेल. पण सर्व्हरचं दुखणं ते नसतं. गिऱ्हाईक, म्हणजे फाईल मागणारा संगणक, न सांगता निघून जातं, तेव्हा त्याच्या मागचं आवरायचं कसं, ते दुखणं असतं. दुसरा आराखडा ज्याने केला, त्याने हे आधी पाहिलंय.”

तेंग बाईंनी नावांवरच्या पट्ट्या सोलल्या. पोरांनी टाळ्या वाजवल्या. रुई-चेननेही वाजवल्या, सगळ्यांत मोठ्याने, कारण आता तिचं सगळंच मोठ्याने चालायचं. टाळ्या वाजवताना तिला आपले तळवे दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे लागत होते. मेइ-छीने मागून कानात सांगितलं, की पैज तू जिंकलीस बरं का, चहा आमच्याकडून. तो चहा आपण प्यायचा नाही, हे तिने तिथेच ठरवून टाकलं.

जेवणाचे डबे झाले आणि रोजच्यासारखे दिवे मालवले गेले. वर्गभर डोकी बाकांवर टेकली. दुपारच्या या झोपेत झोपायचंच असतं, निदान झोपल्यासारखं दिसायचं असतं. रुई-चेनचा गाल बाकाच्या गार लाकडावर, डोळा अर्धा उघडा, आणि त्या अर्ध्या डोळ्यात थेट सू-निंगचं डोकं. ती गाढ झोपली होती. झोपू शकत होती याचाच आधी राग आला. मग एकेक राग रांगेत येऊन उभे राहिले. तिची मान. तिचं खोडरबर, जे ती कागदावर न घासता हळूच टेकवायची आणि चूक उचलून घ्यायची. आणि तो आराखडा. रुई-चेनने तो तोंडपाठ केला होता, कारण हेवा वाटला की ती पाठांतर करायची. सर्व्हर म्हणजे शेवटी एकच काम: फायली डिस्कवर पडलेल्या असतात, डिस्क आळशी असते, आणि वायरीच्या पलीकडच्या शंभर खोल्यांतले संगणक एकाच वेळी त्या मागत असतात. मग कुणी कुठली फाईल उघडली, कुणी तिला कुलूप लावलं, कुठली फाईल कुणाच्या भरवशावर सोडून दिलीय, हे सगळं सर्व्हरने आपल्या मेमरीत, हाताशी ठेवायचं. कसं ठेवायचं, एवढाच प्रश्न. रुई-चेनने एक भलंमोठं कपाट केलं होतं. प्रत्येक खणाला वेगळं छोटं कुलूप, म्हणजे कुणी कुणासाठी खोळंबायचं नाही. खणातल्या प्रत्येक नोंदीवर एक आकडा, ही नोंद आत्ता किती जणांनी हातात धरलीय त्याचा. आकडा शून्यावर आला तरच नोंद टाकून द्यायची. त्या कपाटावर तिचा जीव होता. सू-निंगने कपाटाचा खटाटोप फारसा केलाच नव्हता. तिने प्रत्येक गिऱ्हाइकाच्या नावाने एक दोरा घेतला होता आणि त्याने जे जे उघडलं ते त्यात ओवलं होतं. गिऱ्हाइकाने ठरलेल्या वेळात ‘मी आहे’ असं कळवलं नाही, की दोरा ओढायचा, सगळे मणी एकदम निघून येतात. रुई-चेनच्या कपाटात मेलेल्या गिऱ्हाइकाचं उरलंसुरलं आवरायचं तर सगळे खण उघडत बसावं लागलं असतं. हे तिला आज, गाल बाकावर दाबलेला असताना, इतकं स्वच्छ दिसत होतं की आधी दिसलं कसं नाही याचीच लाज वाटत होती.

पण खरी कळ तिथे नव्हती. खरी कळ अशी, की बाबांनी ओळखलं की नाही. ती पहिलीत असल्यापासून बाबा तिला शनिवारी कंपनीत न्यायचे आणि ती त्यांच्या टेबलाखाली बसून, छापून फुकट गेलेल्या कागदांच्या पाठीवर चौकोन आणि बाण काढायची. तिचा बाण टोकाशी किंचित वळायचा, मांजराच्या शेपटीसारखा. अजून वळतो. त्या कागदावर असे पन्नासेक बाण होते. बाबांनी ते ओळखले नसतील, तर इतकी वर्षं ते बघत काय होते? आणि ओळखले असतील, तर मुलीचा आहे हे कळून, सगळ्यांसमोर, एवढ्या शांतपणे ‘दुसरा’ म्हणाले? यातलं कुठलं कमी दुखेल ते तिला ठरवता येईना. ती कूस बदलल्यासारखा गाल बदलायची आणि प्रत्येक गालावर वेगळं उत्तर यायचं. घंटा झाली तेव्हा दोन्ही गाल लाल होते. मेइ-छी म्हणाली, काय गं, कुणी दोन्हीकडून मारलं की काय.

झाडलोटीच्या तासाला क्लबची खोली तिच्या वाट्याला होती. सर्व्हरच्या डोक्यावर मक्याच्या कुरकुऱ्यांचं हिरवं पुडकं ठेवलेलं असतं, यंत्राने शहाण्यासारखं वागावं म्हणून. ते सगळीकडेच असतं, बाबांच्या कंपनीत तर यंत्रागणिक एक. हिरवंच लागतं. पिवळ्याने यंत्र बिथरतं आणि लाल पुडक्याची तर गोष्टच नको. आणि मुदत संपलेलं असून चालत नाही. मुदत बघून पुडकं बदलणं हे शिकवणी-प्रमुखाचं काम, म्हणजे तिचं. तिने झाडू ठेवून पुडकं हातात घेतलं, तर ते नवं कोरं होतं, वर बारीक अक्षरात आजची तारीख आणि शेजारी ‘निंग’. जुनं कधी संपलं होतं कोण जाणे, तिने महिनाभर पाहिलंच नव्हतं. तिला क्षणभर वाटलं, फोडून खाऊन टाकावं. सर्व्हरवरचं पुडकं खाणं म्हणजे काय ते या गावातल्या तान्ह्या पोरालाही कळतं. तिने ते परत ठेवलं, पण जरा वाकडं ठेवलं. मग दारातून परत येऊन सरळ केलं. हेव्यातही आपल्याला नीट वाईट होता येत नाही, याचं तिला वैषम्य वाटलं.

संध्याकाळी जेवताना बाबांनी नेमकं तेच केलं जे त्यांनी करू नये म्हणून ती मनातल्या मनात धावा करत होती. माशातला काटा काढत ते म्हणाले, की त्या मुलीला एकदा घरी बोलाव, आराखडा समोर ठेवून बोलायला आवडेल मला. आई म्हणाली, की उद्याच बोलाव की, शनिवार आहे, मी वांगी आणलीयत. सू-निंगचे वडील व्हिएतनाममधल्या कुठल्याशा कारखान्यात असतात आणि नववर्षाला येतात, ती आत्याकडे राहते, हे आईला कुठून कळलं होतं देव जाणे. घरचं जेवण मिळत नसेल बिचारीला, असं आई म्हणाली. त्या ‘बिचारी’वर रुई-चेनचं जेवण तिथेच संपलं. मग तिने जरा वेळाने, भांडी उचलता उचलता, सहज विचारल्यासारखं विचारलं, “बाबा, पहिला कागद माझा आहे हे तुम्हाला कळलं नव्हतं ना?”

“पहिल्या नजरेत कळलं,” बाबा म्हणाले.

“मग?”

“मग काय? तू विचारलंस, मी सांगितलं.”

एवढंच. त्यांना त्यात अवघड काही वाटलंच नव्हतं. मुलगी खरं पेलू शकते असा त्यांचा भरवसा होता, आणि असला भरवसा कुणाला हवा होता? तिला त्या क्षणी एक खोटारडा, लाडावणारा, ‘माझी चिमणी ती’ म्हणणारा बाप हवा होता, मेइ-छीच्या बापासारखा, जो तिचे नापासाचे पेपरही फ्रिजवर लावतो.

सू-निंग दुसऱ्या दिवशी पेरूंची पिशवी घेऊन आली, दारात चपला काढून त्यांची तोंडं बाहेर करून ठेवली, आणि आईला ‘काकू’ व बाबांना ‘सर’ म्हणाली. आईने तिच्या वाडग्यात माशाच्या पोटाकडचा मऊ भाग घातला. तो भाग या घरात कुणाचा असतो ते त्या माशालाही माहीत असेल. रुई-चेन इतकं बोलली, इतकं बोलली, की आईने तिला दोनदा ‘श्वास घे’ म्हणून सांगितलं. ती शिकवणी-प्रमुखाचे विनोद सांगत होती, तेंग बाईंची नक्कल करत होती, आणि सू-निंग हसतही होती, पण हे सगळं म्हणजे बंद दुकानाबाहेर दिव्यांची माळ लावल्यासारखं तिला आतून वाटत होतं. जेवण झालं. बाबांनी टेबल पुसलं, जुन्या कॅलेंडरचं पान उलटं करून पसरलं आणि म्हणाले, “हं. काढ.”

सू-निंगने काढलं. दोरे, मणी, गिऱ्हाइकांची नावं. बाबा मध्ये मध्ये विचारत होते, हे का, ते तिथेच का, आणि ती एका वाक्यात उत्तर देत होती. रुई-चेन पेरू कापत होती. पेरूचे तुकडे जितके बारीक करता येतील तितके ती करत होती. मग सू-निंगने दाखवायला म्हणून एक गिऱ्हाईक गप्प पाडलं, त्याचा दोरा ओढला आणि मणी पुसून टाकले. आणि रुई-चेनची सुरी थांबली. त्यातला एक मणी दुसऱ्या गिऱ्हाइकाच्या दोऱ्यातही होता. दुसरं गिऱ्हाईक तीच फाईल वाचत बसलेलं, आणि सू-निंगने त्याच्या हातातली नोंद खालून काढून घेतली होती. ती जागा आता मेमरीत भलत्यालाच मिळणार, आणि तो बिचारा भलत्याचंच काहीतरी आपलं म्हणून वाचत राहणार. असले सर्व्हर चार महिने गुणी बाळासारखे चालतात आणि एक दिवस कुणाच्या पगाराच्या फायलीत कुणाच्या तरी लग्नाचे फोटो घालून ठेवतात.

तिने बाबांकडे पाहिलं. बाबांचा अंगठा चहाच्या पेल्याच्या काठावर फिरत होता तो थांबला होता. त्यांनाही दिसलं होतं.  ते पेल्यात बघत होते, जणू चहात काहीतरी पोहत होतं, आणि वाट बघत होते.

हे वाट बघणं रुई-चेनच्या लहानपणापासूनच्या ओळखीचं होतं. टेबलाखालच्या त्या शनिवारांत बाबांनी तिची चूक तिला कधी दाखवली नव्हती. चूक झाली की ते असेच पेल्यात बघायचे. कंपनीतले लोक दारातून डोकावायचे, मीटिंगला बोलवायचे, आणि बाबा हात वर करून त्यांना थांबवायचे, कारण टेबलाखाली सहा वर्षांची एक बाई आपला बाण उलटा लागलाय हे शोधत होती. सापडलं की ते काही बोलायचे नाहीत, फक्त पेला उचलून एक घोट घ्यायचे. तो घोट तिचा होता. शाळेतली बक्षिसं, शिकवणी-प्रमुखपद, मोठा आवाज, हे सगळं त्या घोटापुढे चिल्लर होतं. आणि तोच घोट आता कॅलेंडरच्या पाठीवर झुकलेल्या त्या मानेसाठी राखून ठेवलेला होता. बाबांनी दुसरा आराखडा निवडला, ठीक. माशाचं पोट दिलं, तेही ठीक, मासे काय, रोज येतात. पण ही वाट. ही काय कुणालाही देण्याची गोष्ट होती? सू-निंगच्या भुवया जवळ येऊ लागल्या होत्या. तिचं बोट त्या पुसलेल्या मण्यापाशी रेंगाळत होतं. आणखी जरासं, आणि तिला सापडणार होतं.

“तो मणी दुसऱ्याच्या पण दोऱ्यात आहे,” रुई-चेन म्हणाली. “तू तो त्याच्या हातातून काढून घेतलायस.”

आवाज नेहमीसारखाच मोठा होता. स्वयंपाकघरातून आईनेही मान वळवून पाहिलं. सू-निंगचं बोट जागच्या जागी राहिलं. बाबांनी पेला उचलला नाही. त्यांनी तो बाजूला सरकवला आणि म्हणाले, “बरोबर.” आणि त्या ‘बरोबर’मध्ये इतकी निराशा होती, एवढी सभ्य, कुणाला ऐकू येऊ नये अशी, की ती फक्त रुई-चेनलाच ऐकू आली. मग ते सू-निंगकडे वळून म्हणाले, की आता काय करशील? सू-निंगने प्रत्येक मण्याशेजारी एक बारीकसा आकडा लिहायला सुरुवात केली. किती जणांनी धरलाय त्याचा आकडा. दोरा ओढला की मणी पुसायचा नाही, फक्त त्याचा आकडा एकाने उतरवायचा. शून्य झाला तरच मणी जाईल. ती रुई-चेनच्या कपाटातली मोजणी होती, जशीच्या तशी. दोऱ्यात ती इतकी चपखल बसली, की जणू तिथलीच होती आणि मधल्या काळात चुकून रुई-चेनकडे राहायला गेली होती.

तेवढ्यात खालून कचऱ्याच्या गाडीची धून ऐकू आली आणि घरोघरी होते तशी धावपळ उडाली. आईने एक पिशवी रुई-चेनच्या हातात दिली, उष्ट्याची बादली सू-निंगने आपण होऊन उचलली. खाली गल्लीत अख्खी इमारत वाऱ्याकडे पाठ करून उभी होती. शेजारच्या आजोबांनी विचारलं, ही कोण, बहीण का? रुई-चेन म्हणाली, नाही. सू-निंगही त्याच वेळी नाही म्हणाली, तिच्यापेक्षा जोरात. रुई-चेनने तिचा एवढा आवाज पहिल्यांदाच ऐकला.

“मला सापडलं असतं,” सू-निंग म्हणाली.

“माहितेय.”

“मग कशाला बोललीस?”

“सापडलं असतं म्हणूनच.” हे बोलून झाल्यावर रुई-चेनला हलकं वाटलं, आणि हलकं वाटल्याचा रागही आला.

सू-निंगने बादली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “अशी आहेस होय तू,” ती म्हणाली, वर्गात नवा धडा सुरू झाला की म्हणते तशी, नोंद केल्यासारखी. “तुझी मोजणी मी घेणार आहे. विचारत नाहीये, सांगतेय.”

“घे की. तुझ्या दोऱ्याशिवाय ती माझ्या काय कामाची? सगळे खण उघडत बसू?”

गाडी वळणावर आली. माणसं पुढे सरकली. रुई-चेनने पिशवी भिरकावली, ती नेमकी आत पडली. मग तिने विचारलं, अगदी सहज, की बाबा शिकवतात कसे वाटले?

“हळू बोलतात फार,” सू-निंग म्हणाली. “आणि प्रश्न विचारून चहातच बघत बसतात. मला वाटलं, त्यांना झोप येतेय.”

रुई-चेन तिच्याकडे बघतच राहिली. बाबांच्या ज्या वाट बघण्यासाठी तिचा जीव मघापासून कांद्यासारखा परतला जात होता, ते या मुलीला झोप वाटलं होतं. तिला हसू यायला हवं होतं. आलं नाही. उलट बाबांच्या वतीने तिचा अपमान झाला, आणि त्या अपमानाखाली, एकदम तळाशी, एक घट्ट, गोड, कुणाला न सांगण्यासारखं समाधान पसरलं: हिला ते वाचता येत नाही. अजून येत नाही. पण ही हुशार आहे. चार शनिवार त्या टेबलाशी बसली, तर ही तेही शिकेल. शाळेच्या येत्या प्रदर्शनात असे आराखडे जोडीने मांडायचे होते, प्रत्येक जोडीला शाळेबाहेरचा एक मार्गदर्शक लागतो, तेंग बाईंनी सोमवारपर्यंत नाव मागितलं होतं, आणि बाबा मघाशी पेरू खाताना म्हणालेच होते, की शनिवार माझे मोकळेच असतात, दोघी मिळून करा, मी आहे. चार काय, चाळीस शनिवार होते.

सू-निंग रिकामी बादली तिच्या हातात देऊन बसथांब्याकडे चालू लागली. रुई-चेनने मागून ओरडून विचारलं, की जोडी करायची का? सू-निंगने वळून न बघता विचारलं, नाव कुणाचं आधी? “तुझं,” रुई-चेन ओरडली, आणि ते द्यायला तिला फारसं जड गेलं नाही याचं तिचं तिलाच नवल वाटलं. आराखडा, नाव, मोजणी, हिरवं पुडकं, सगळं देता येत होतं. दिलं की ते जातही नव्हतं, उलट दोन ठिकाणी दिसायला लागायचं. एकच गोष्ट तशी नव्हती.

ती जिना चढून वर आली तेव्हा आई पेले विसळत होती आणि बाबा कॅलेंडरचं पान गुंडाळत होते. ती दारातच, बादली हातात धरून, चपला न काढता उभी राहिली. बाबांनी विचारलं, काय गं, गाडी चुकली का?

“आई, बाबा, ऐका. मी ठरवलंय. प्रदर्शनाला मी सू-निंगबरोबर जाणार आहे. तिचं नाव आधी, माझं मागून. मार्गदर्शक म्हणून आम्ही तेंग बाईंच्या ओळखीतलं कुणीतरी शोधू. बाबा, तुम्ही नाही. तुम्ही शेवटच्या दिवशी यायचं, सगळ्यांच्या आईबाबांबरोबर, खुर्चीत बसायचं.”

“माझं काही चुकलं का?” बाबांनी विचारलं.

“नाही,” रुई-चेन म्हणाली. “आराखडा मी तिच्याबरोबर वाटून घेतला. माझे बाबा वाटून घेणार नाही.”